गाय व्यायल्यावर यकृतावर चरबी का चढते? कोठीपोटातील जिवाणूंचा त्यात मोठा हात

फॅटी लिव्हर हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. पोटाची सोनोग्राफी केली की रिपोर्टमध्ये तो दिसतो आणि डॉक्टर तेलकट, गोड कमी करायला सांगतात. हाच आजार गोठ्यातल्या गाईलाही होतो, हे मात्र अनेक पशुपालकांच्या लक्षात येत नाही. माणसाच्या यकृतावर चरबी साठायला वर्षे लागतात. जास्त दूध देणाऱ्या गाईत हेच काम व्यायण्याच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत होऊन जाते.

चित्र ओळखीचे आहे. वीस-बावीस लिटरची संकरित होल्स्टिन गाय. गाभणकाळात तब्येत उत्तम, पाठीवरून हात फिरवला तर हाड लागत नाही. शेजारी-पाजारी कौतुक करतात. गाय सुखरूप विते, वासरू चांगले असते, आठवडाभर सगळे ठीक चालते. मग एका सकाळी आंबोण गव्हाणीत तसेच राहते. दोन दिवसांनी मुरघासही नकोसा होतो, फक्त कोरडा कडबा चघळते. दूध बावीसवरून बारावर येते. ताप नाही, कास मऊ आहे, वारही वेळेवर पडलेली आहे. मालक म्हणतो, "नजर लागली." खरे तर यकृत चरबीने भरलेले असते, आणि त्याची सुरुवात व्यायण्याच्या आधीच झालेली असते.

यकृतावर चढणारी चरबी गाईच्या स्वतःच्या पाठीवरची, कमरेवरची असते. तेवढ्यावरून दोष फक्त जास्त लठ्ठपणाला दिला जातो. तो अर्धा खरा आहे. आलेली चरबी यकृत जाळू शकते की नाही, हे बऱ्याच अंशी कोठीपोटातल्या जिवाणूंवर ठरते. म्हणून या लेखात यकृतापेक्षा पोटाविषयी जास्त लिहिले आहे.

दुधातली साखर येते कुठून?

गाईच्या एक लिटर दुधात साधारण 48 ग्रॅम दुग्धशर्करा असते. म्हणजे वीस लिटर दूध देणारी गाय रोज जवळपास एक किलो साखर कासेतून बाहेर टाकते. ही साखर रक्तातल्या ग्लुकोजपासून बनते. आता प्रश्न असा, की हे ग्लुकोज गाय खाते कुठून?

ती ते खातच नाही. आपण भाकरी खाल्ली की पिष्टाची साखर होऊन ती आतड्यातून सरळ रक्तात जाते. गाईचे तसे नाही. तिने खाल्लेला चारा, भरडा, पेंड आधी कोठीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये पडते. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरहून मोठे असते आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. पहिल्या पंगतीला हे जिवाणू बसतात. चाऱ्यातील तंतू, धान्यातील पिष्ट आणि साखर तेच खातात आणि त्यातून तीन मुख्य आम्ले तयार करून सोडतात: ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के वाटा या आम्लांतून येतो.

तिघांची कामे वेगळी आहेत. ॲसिटिक आम्ल मुख्यतः तंतुमय चाऱ्यातून येते आणि त्यापासून दुधाची फॅट बनते. प्रोपिओनिक आम्ल धान्याच्या भरड्यातून जास्त मिळते. ते रक्तातून यकृतात जाते आणि यकृत त्याचे ग्लुकोज करते. दुधातल्या साखरेचा सर्वांत मोठा कच्चा माल हाच. ब्युटिरिक आम्लापासून मात्र ग्लुकोज बनत नाही. त्याचे कोठीपोटाच्या अस्तरातच कीटोनमध्ये रूपांतर होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मुरघासाच्या वेळी लागेल.

प्रोपिओनिक आम्लाचे ग्लुकोज करताना यकृताला बी-12 जीवनसत्त्व लागते. तेही कोठीपोटातले जिवाणूच बनवतात, फक्त त्यांना त्यासाठी कोबाल्ट हवे असते. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर कोबाल्टचे नाव अगदी खाली, नगण्य प्रमाणात लिहिलेले असते. त्याचे काम हे आहे.

चरबी येते, पण बाहेर जात नाही

व्यायण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत गाईचे खाणे कमी होते. वासराने पोटातली जागा व्यापलेली असते आणि संप्रेरकांचे प्रमाण बदलत असते. शेवटच्या आठवड्यात तर खाणे नेहमीच्या तुलनेत तीस टक्क्यांपर्यंत घटते. गाय जितकी लठ्ठ, तितकी ही घट जास्त. आणि नेमक्या त्याच वेळी चीक तयार होऊ लागतो, मग दूध सुरू होते. खर्च दुप्पट आणि आवक कमी, अशी अवस्था होते.

मग शरीर साठवलेली चरबी सोडते. ती रक्तातून वाहत यकृतात येते. यकृतापुढे तीन वाटा असतात. पहिली, चरबी पूर्ण जाळून ऊर्जा मिळवायची. त्यासाठी प्रोपिओनिक आम्लाचा पुरवठा चालू असावा लागतो. तो तुटला की चरबी अर्धवट जळते आणि कीटोन तयार होतात. गुऱ्हाळाच्या चुलाणात ओले चिपाड टाकल्यावर जाळाऐवजी धूरच जास्त होतो, तसे हे आहे. रक्तात कीटोन वाढले की त्याला आपण कीटोसिस किंवा कितनबाधा म्हणतो.

दुसरी वाट, चरबीची पुडी बांधून ती पुन्हा रक्तात पाठवायची. यात गाय-म्हशीचे यकृत मुळातच मंद आहे. शिवाय पुडी बांधायला कोलीन नावाचा घटक लागतो. माल तयार आहे पण बारदान नाही, असे झाले तर माल गोदामातच पडून राहतो. कोलीनचे नेमके तसेच होते. चाऱ्यात आणि पेंडीत ते असते, पण कोठीपोटातले जिवाणू त्यातले बहुतेक सगळे खाऊन टाकतात आणि यकृतापर्यंत फार थोडे पोचते. माणसांवर आणि उंदरांवर झालेल्या अभ्यासांतही आतड्यातल्या जिवाणूंनी कोलीन फस्त करणे आणि यकृतावर चरबी चढणे यांचा संबंध दिसला आहे. बाजारात गाईंसाठी जे 'रुमेन प्रोटेक्टेड' किंवा 'बायपास' कोलीन मिळते, त्याला जिवाणूंपासून वाचवण्यासाठीच वेष्टन दिलेले असते. साधे कोलीन खुराकात मिसळले, तर ते जिवाणूंच्याच तोंडी जाते.

तिसरी वाट उरते ती साठवण्याची. निरोगी गाईच्या यकृतात चरबी अगदी थोडी असते. ओल्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत गेली तर ताण सौम्य धरतात, दहा टक्क्यांच्या वर गेली तर आजार गंभीर. पिवळसर, सुजलेले, कडा गोलावलेले असे यकृत शवविच्छेदनात पाहिले, की पुन्हा विसरत नाही.

व्यायल्याबरोबर खुराक वाढवला तर?

वरचे वाचून कोणी म्हणेल, प्रोपिओनिक आम्ल धान्यातून मिळते ना, मग व्यायल्या दिवसापासून मका भरडा वाढवू. बहुतेक गोठ्यांवर हेच केले जाते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

भाकड काळात गाय कडबा, गवत, वाढे यांवर असते. तेव्हा कोठीपोटात तंतू पचवणाऱ्या जिवाणूंचे राज्य असते. पिष्ट पचवणारे कमी असतात. पिष्टातून निघणारे लॅक्टिक आम्ल खाऊन त्याचे प्रोपिओनिक आम्ल करणारे तर त्याहून कमी. कोठीपोटाच्या अस्तरावर बोटासारखे उंचवटे असतात, आम्ले त्यांच्यातून शोषली जातात. भाकड काळात तेही आखूड होतात. जिवाणूंची घडी बसायला दोन-तीन आठवडे लागतात, उंचवटे पुन्हा वाढायला चार ते सहा आठवडे. अशा पोटात एकदम चार-पाच किलो भरडा पडला, की पिष्ट खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि आम्ल शोषले जाण्याआधीच साचते. कोठीपोटाचा सामू नेहमी 6 ते 6.8 असतो, तो रोज काही तास 5.6 च्या खाली जाऊ लागतो.

गाय लगेच पडत नाही. म्हणून हा छुपा आम्लधर्मीय अपचनाचा प्रकार ओळखू येत नाही. शेण पातळ होते, त्यात मक्याचे दाणे दिसतात, शेणात बुडबुडे येतात. एक दिवस खाते, एक दिवस टाकते. आत मात्र तंतू पचवणारे जिवाणू मरत असतात. काही जिवाणूंच्या भिंतीत विषारी घटक असतात, ते मेल्यावर हे विष मोकळे होते. आम्लाने अस्तराला इजा झालेली असते, तिथून ते रक्तात शिरते. पोट-आतड्यांकडून निघणारी मोठी रक्तवाहिनी दुसरीकडे कुठे न जाता थेट यकृतात जाते. आधीच चरबीच्या ओझ्याखाली असलेल्या यकृताला आता विष निवारण्याचेही काम लागते. अंगात सूज वाढली की भूक आणखी मंदावते. भूक मंदावली की आणखी चरबी सुटते. पुढे गर्भाशयदाह, कासदाह, चौथे पोट सरकणे यांपैकी काहीतरी मागे लागते, आणि गाय वेळेवर माजावर येत नाही ते वेगळेच.

गूळ, तेल आणि वास मारणारा मुरघास

व्यायलेल्या गाईला गूळ-बाजरी शिजवून घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या दिवशी कोमट पाण्यात थोडा गूळ दिल्याने काही बिघडत नाही. पण गाय अशक्त दिसते म्हणून रोज किलो-किलो गूळ देणे चुकीचे. गूळ तिच्या रक्तात साखर म्हणून जात नाही, तो जिवाणू खातात. आणि त्यातून ब्युटिरिक आम्लाचे प्रमाण वाढते, ज्याचे शेवटी कीटोनच होतात. कितनबाधा झालेल्या गाईला गूळ पाजणे म्हणजे ज्याने दुखणे वाढते तेच देण्यासारखे आहे.

तेला-तुपाचेही तसेच. मोकळे तेल तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते, चारा पचेनासा होतो. बायपास फॅट कोठीपोटातून न विरघळता पुढे जाते म्हणून ते वेगळे. तरीही यकृतावर चरबी चढलेली असताना, व्यायल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, बायपास फॅटची घाई करू नये असे माझे मत आहे. गाय नीट खायला लागली की मग द्या.

मुरघासाचे सांगायचे राहिले होते. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो. चारा फार ओला असताना भरला, दाब नीट बसला नाही किंवा माती मिसळली, तर त्यात ब्युटिरिक आम्ल तयार होते. कुजकट, उलटी आल्यासारखा वास हाताला लागून राहतो, साबणाने धुतला तरी लवकर जात नाही. असा मुरघास ताज्या व्यायलेल्या गाईला घातला, तर आपण तयार कीटोनचाच माल पोटात टाकतो. तो फेकून देणे जिवावर येते, हे कळते. पण निदान गाभण आणि ताज्या व्यायलेल्या जनावरांच्या गव्हाणीत तो नको.

लग्नातला उरलेला भात, पुऱ्या, शिरा याबद्दल जास्त लिहायला नको. त्याने एका रात्रीत जनावर दगावते.

वेळेत कसे ओळखाल?

सर्वांत पहिली खूण म्हणजे गाय आधी आंबोण सोडते, मग मुरघास, आणि शेवटपर्यंत कोरडी वैरण खात राहते. शेण घट्ट होते, त्यावर चकचकीत चिकट थर दिसतो. पाठ-कंबर पाहता पाहता खचते. तोंडाला, दुधाला नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा गोडसर उग्र वास येतो. तो सगळ्यांनाच येतो असे नाही, घरातल्या एखाद्याच माणसाला कळतो. काही गाई मात्र भिंत चाटतात, दावे चावतात, उगाच हंबरतात. अशी गाय पिसाळली की काय अशी शंका येते. तेव्हा तोंडात हात न घालता आधी डॉक्टरांना बोलवा.

दूध संकलनाची पावती हा दुसरा आरसा. चिकाचे दिवस संपल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाईची फॅट 3.8 वरून एकदम 5 च्या वर गेली, तर दर चांगला मिळाला म्हणून खूश होऊ नका. ती फॅट चाऱ्यातली नाही, गाईच्या पाठीवरची आहे. उलट फॅट अचानक 3 च्या खाली आली, तर आम्लधर्मीय अपचनाचा संशय घ्या.

खात्री करायला लघवीची चाचणी सोपी आहे. पशुवैद्यक रोथेराची चाचणी करतात, कीटोन असतील तर जांभळा रंग येतो. रक्ताचा थेंब घेऊन कीटोन मोजण्याची छोटी यंत्रेही मिळतात. त्यावर 1.2 किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर गाय बाहेरून ठीक दिसत असली तरी आत बिघाड सुरू आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी व्यायल्यानंतर पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान अशी एक तपासणी करून घेण्याची सवय गावात लावली, तर खूप गाई वाचतील.

व्यायण्याआधीच्या साठ दिवसांत

गाय आटवताना तिची तब्येत मध्यम हवी. पाच गुणांच्या मापात 3 ते 3.5. शेवटच्या बरगड्यांवर तळहात थोडा दाबून फिरवला की बरगड्या लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. गाय बारीक असेल तर तिला दुधात असतानाच, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत भरून घ्या. लठ्ठ असेल तर भाकड काळात उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. त्याने चरबी लगेच सुटून यकृतावर येते.

आटवल्यापासून व्यायण्याच्या तीन आठवडे आधीपर्यंत भरपूर वैरण, थोडा हिरवा चारा, खनिज मिश्रण आणि जेमतेम खुराक. या काळात मका मुरघास पोटभर घालू नका, त्यानेच गाई लठ्ठ होतात. शेवटच्या 21 दिवसांत पुढे दुधात असताना जो खुराक द्यायचा, तोच अर्ध्या किलोपासून सुरू करा आणि व्यायण्यापर्यंत दोन-अडीच किलोंवर न्या. हा खुराक गाईपेक्षा जिवाणूंसाठी आहे. येणाऱ्या कामाची त्यांना सवय व्हावी एवढाच त्याचा हेतू.

व्यायल्यावर खुराक तेवढाच ठेवून रोज पाव किलोने वाढवत जा. एका वेळी दोन किलोंहून जास्त नको, दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्या. रोजच्या एकूण कोरड्या आहारात वैरणीचा वाटा चाळीस टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. कुट्टी इंचभर लांबीची हवी, पीठ झालेली नको. लांब तंतू असले की गाय रवंथ करते. रवंथ करताना दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ पोटात जाते, आणि त्या लाळेतला सोडा आम्ल मारतो. दुपारी गोठ्यात जाऊन पाहा: बसलेल्या गाईंपैकी निम्म्या तरी रवंथ करत असाव्यात.

दुधातल्या गाईला जास्त खुराक असेल तर रोज 100 ते 150 ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात देता येतो. व्यायण्याआधी मात्र सोडा देऊ नका, त्याने दुग्धज्वराचा धोका वाढतो. आणि पाणी. चोवीस तास समोर स्वच्छ पाणी नसेल, तर वरचे सगळे वाया.

आजारी पडलीच तर

शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्याने गाय लगेच तरतरीत दिसते, पण त्याचा परिणाम काही तासांत ओसरतो. म्हणून त्याच्या जोडीला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात, साधारण 300 मिली दिवसातून एकदा, तीन ते पाच दिवस. गूळ जिथे फसतो तिथे हे काम करते, कारण जिवाणू ते सगळे खाऊ शकत नाहीत आणि यकृत त्याचे ग्लुकोज करते. पाजताना गाईची मान फार उंच धरू नका, जीभ ओढू नका. औषध फुप्फुसात गेले तर दुसरेच संकट उभे राहते.

पोट अगदी थंड पडले असेल, रवंथ बंद असेल, तर निरोगी जनावराच्या कोठीपोटातला ताजा रस काही लिटर नळीने पोटात सोडतात. जुना उपाय आहे, पण त्यातून जिवंत जिवाणूंचे विरजणच मिळते. हे काम डॉक्टरांनीच करावे. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांबद्दल विचाराल, तर त्या जोडीला देता येतात. पण आहार तसाच ठेवून केवळ टॉनिकवर विसंबलेला पशुपालक महिन्याभरात पुन्हा फोन करतो.

म्हशीतही हा आजार होतो, देशी गाईत दूध कमी असल्याने क्वचित. ज्या गाईला मागच्या वेतात कितनबाधा झाली होती, तिच्याकडे या वेळी जास्त लक्ष ठेवा. रेतनाच्या तारखेत 280 दिवस मिळवा, म्हणजे व्यायण्याची अंदाजे तारीख येईल. तिच्या साठ दिवस आधीची आणि एकवीस दिवस आधीची अशा दोन तारखा खडूने गव्हाणीवर लिहून ठेवा.